बिनटर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू रिमॅप : बेळगाव भागात कुणाला खरा फरक जाणवलाय?

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ ची स्विफ्ट आहे, १.२ पेट्रोल, बीएस-४. गाडीबद्दल एरवी तक्रार नाही. पण गोव्याहून परत येताना चोर्ला घाट लागला, आत चौघं बसलेली असली आणि एसी चालू असला की तिसरा गियर टाकायची सोय राहत नाही. टाकला की गाडी मरगळते, पुन्हा दुसरा पाडावा लागतो, मागून ट्रक हॉर्न मारत असतो.

एका ट्यूनरशी रिमॅपबद्दल, म्हणजे ईसीयूतलं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं) सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल बोलणं झालंय. नाव लिहीत नाही. तो अधूनमधून बेळगावात येतो आणि लॅपटॉप जोडून तासाभरात काम उरकतो. त्याचं म्हणणं, १५ टक्के पॉवर वाढेल, वर ॲव्हरेजही वाढेल. तीस हजारांच्या आसपास सांगतोय. मित्राने डिझेल गाडीला हेच केलंय आणि ती गाडी खरोखर बदलली आहे, मी स्वतः चालवून पाहिली. पण माझ्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नाही. आपल्या भागात साध्या पेट्रोल गाडीला कुणी केलंय का? पैसे घालण्याआधी खरं काय ते कळू दे.

निपाणी_४८

दादा, मी केलाय, पण टर्बो डिझेलला. तवंदी घाटात पाचव्यावरून चौथा पाडावा लागायचा, आता नाही लागत. पैसे वसूल. तुमच्या मित्राचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. फक्त तो तुमच्या गाडीला लागू होईल असं धरू नका. माझ्या ट्यूनरने मला स्पष्ट सांगितलं होतं की बिनटर्बो पेट्रोल गाड्या तो घेतच नाही, गिऱ्हाईक नंतर भांडत येतं म्हणून.

उद्यमबाग_लेथ

निपाणीकरांच्या ट्यूनरने प्रामाणिकपणे सांगितलं. का ते जरा नीट लिहितो. आमचं आयुष्य क्रँकशाफ्ट आणि सिलिंडर हेडच्या कामात गेलं, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

इंजिनाची ताकद पेट्रोलवरून ठरत नाही, हवेवरून ठरते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला हवा लागते. एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हा बरोबरीचा हिशेब. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा मिश्रण थोडं घट्ट करतात, म्हणजे पेट्रोल जास्त, १२.५ ते १३ च्या आसपास.

आता तुमचीच गाडी घ्या. ११९७ सीसी. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. ६००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६० लिटर हवा आत जाते. सिलिंडर काठोकाठ भरतो असं धरू. समुद्रसपाटीला लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे सेकंदाला ७२ ग्रॅम. १३ ने भागा, साडेपाच ग्रॅम पेट्रोल. एका ग्रॅमात सुमारे ४४ किलोज्यूल ऊर्जा, म्हणजे २४३ किलोवॅट. त्यातला पाऊण हिस्सा सायलेन्सर, रेडिएटर आणि घर्षणात जातो. उरलेला चौथा हिस्सा म्हणजे ६१ किलोवॅट. कंपनी सांगते ८३ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप). ६१ किलोवॅट म्हणजेच ८३ पीएस.

ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून एक गोष्ट उघड होते. १५ टक्के वाढ हवी तर एकतर १५ टक्के जास्त हवा आत गेली पाहिजे, नाहीतर त्याच हवा-पेट्रोलमधून तेवढं जास्त काम निघालं पाहिजे. लॅपटॉपने सिलिंडर मोठा होत नाही, व्हॉल्व्ह जास्त उघडत नाही आणि वातावरणाचा दाबही वाढत नाही. टर्बो गाडीत तो दाबच सॉफ्टवेअरच्या हातात असतो. ट्यूनर हा दाब (बूस्ट) वाढवतो, जास्त हवा कोंबतो, त्याप्रमाणे इंधन देतो. म्हणून तिथे २०-२५ टक्के वाढ सहज दिसते. तुमच्या गाडीत तो नळच नाही.

तिसरं_गेट

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. मग बिनटर्बोमध्ये ट्यूनर नेमकं बदलतो तरी काय? काहीतरी बदलत असेलच ना?

उद्यमबाग_लेथ

बदलतो. मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, पूर्ण ॲक्सिलेटरवरचं मिश्रण. तिथे कंपनीने आधीच घट्ट मिश्रण दिलेलं असतं, त्यामुळे फार काही उरत नाही. दुसरी, स्पार्कची वेळ. ठिणगी थोडी आधी टाकली तर ताकद वाढते, पण एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेजवळ आलेख जवळजवळ सपाट होतो, शेवटच्या दोन-तीन अंशांत जेमतेम टक्का-दीड टक्का मिळतो. तीच जागा नॉकिंगलाही (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकतं ते) जवळची. तुमच्या गाडीच्या वेळचं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं (ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखण्याची क्षमता), आणि एप्रिल-मेची बेळगावची दुपार. कंपनीने तिथे राखलेलं अंतर उगाच राखलेलं नाही.

तिसरी गोष्ट ॲक्सिलेटरचा नकाशा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत तुम्ही पेडल किती दाबलं आणि झडप किती उघडली हे वेगळं असतं. ट्यूनर तिथे बदल करतो, पेडल पाव दाबलं की झडप अर्धी उघडते. गाडी एकदम चपळ वाटते. ताकद तितकीच असते, फक्त लवकर मिळते. बहुतेकांना ‘फरक पडला’ वाटतं ते इथे. घाटात मात्र तुमचं पेडल आधीच तळाला असतं, तिथे याचा काडीचाही उपयोग नाही.

सगळं धरून चांगल्या हाताने केलेल्या कामाला तीन ते पाच टक्के म्हणा. ८३ चे ८६.

सांबरा_रोड

मी थोडं वेगळं सांगते. माझी होंडा सिटी १.५, तीही बिनटर्बो. मी ट्यून करून घेतला आणि मला तो आवडतो. काका म्हणतात तसं शिखरावर फार वाढलं नसेल, पण बीएस-६ च्या आसपासच्या गाड्यांत कमी आरपीएमला एक्झॉस्ट स्वच्छ राहावा म्हणून प्रतिसाद फार मऊ ठेवलेला असतो. गियर बदलताना ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन क्षणभर चढंच राहतं. ते सगळं माझ्या गाडीत सुधारलं. शहरात, गोगटे सर्कलच्या गर्दीत, गाडी पायाखाली असल्यासारखी चालते. हायवेवर ओव्हरटेकला मात्र विशेष काही जाणवत नाही, हेही खरं.

तेव्हा ‘काहीच उपयोग नाही’ असं सरसकट म्हणू नये. कशासाठी करतोय ते माहीत असलं पाहिजे.

उद्यमबाग_लेथ

ताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. चालवण्यातला गुळगुळीतपणा ही खरी सुधारणा आहे. माझा आक्षेप १५ टक्क्यांच्या दाव्याला आहे.

तुमच्या सिटीचा उल्लेख आला म्हणून एक पडताळा देतो. १४९८ सीसी, १४५ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. लिटरला सुमारे ९७ एनएम. स्विफ्ट ११९७ सीसीला ११३, लिटरला ९४. एर्टिगाचं १४६२ सीसी इंजिन १३८, पुन्हा ९४. पोलोचं बिनटर्बो १.० इंजिन ९९९ सीसीला ९५. वेगवेगळ्या देशांच्या कंपन्या, वेगवेगळे इंजिनियर, आणि सगळे लिटरला ९५ च्या आगेमागे येऊन थांबलेत. ही सॉफ्टवेअरची कंजुषी नाही, साध्या हवेची मर्यादा आहे. त्याच पोलोच्या ९९९ सीसीला टर्बो लावल्यावर टॉर्क १७५ झाला.

चोर्लावाट

मी भाजीच्या धंद्यात आहे, बेळगाव मार्केटमधून माल घेऊन पहाटे गोव्याला. छोटा पिकअप, १.२ पेट्रोल, टर्बो नाही. ट्यूनिंगमधलं मला कळत नाही, पण एक गोष्ट विचारायची आहे. जांबोटी-कणकुंबीपर्यंत गाडी भरलेली असल्यामुळे जड वाटते ते समजतं. पण घाटाखालच्या केरीला उतरून साखळीकडे सपाटीला लागलं की तीच भरलेली गाडी हलकी पळायला लागते. चौथ्यात जी चढण ओढत नव्हती तसली चढण खाली चौथ्यात ओढते. परत बेळगावात रिकामी आणली तरी तो हलकेपणा येत नाही. आमच्यातले जुने ड्रायव्हरही हेच म्हणतात. हा भास आहे का?

उद्यमबाग_लेथ

अजिबात भास नाही. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही आणलात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. इथली हवा पणजीच्या मानाने विरळ आहे, उंचीमुळे सुमारे सात टक्के. वरच्या हिशेबात ७२ ग्रॅम हवा धरली ती समुद्रसपाटीची. बेळगावात ती ६७ होते. म्हणजे कागदावरच्या ८३ पीएसची स्विफ्ट टिळकवाडीत उभी असतानाच ७७ ची असते. चोर्ला उतरलात की ते सहा पीएस फुकट परत मिळतात. गोव्याची हवा गरम आणि दमट, त्यामुळे थोडे कापले जातात, पण बराचसा फायदा राहतो.

ट्यूनर तीस हजारांत जेवढं देईल त्याहून जास्त फरक घाट उतरल्याने पडतो. आणि तिसऱ्या गेटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं : ट्यून करून पहिली चक्कर गोव्याला मारली तर गाडी उडाल्यासारखी वाटेल. त्यातलं श्रेय कुणाचं हे ओळखता येणार नाही. तपासायचं तर एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला, तेवढ्याच वजनात आधी आणि नंतर तपासा. काकतीपासूनचा हायवे चालेल, पहाटे.

निपाणीकरांची टर्बो गाडी याबाबतीत सुखी. हवा विरळ झाली तर कॉम्प्युटर टर्बोला जास्त फिरवून दाब भरून काढतो, बऱ्याच अंशी तरी.

निपाणी_४८

हे पटलं. मी महाबळेश्वरला गेलो तेव्हा गाडीत काही फरक जाणवला नव्हता, बरोबरच्या वॅगन-आरवाल्याची मात्र तारांबळ उडाली होती.

एक विचारू? ट्यूनर डायनोचा (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) कागद देतात, आधी इतके पीएस, नंतर इतके. त्यावर विश्वास ठेवायचा का?

उद्यमबाग_लेथ

कागद नीट वाचायचा. डायनोवर मोजलेला आकडा हवेच्या दाब-तापमानाप्रमाणे दुरुस्त करतात. एसएई जे१३४९ नावाचं प्रमाण आहे, ते २५ अंश तापमान आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरून आकडा छापतं. बेळगावचा दाब असतोच ९२५-९३० च्या घरात, त्यातून दमटपणा वजा. तेव्हा इथे मोजलेल्या कच्च्या आकड्याला दुरुस्ती लावली की तो साधारण नऊ-दहा टक्क्यांनी फुगतो. ‘आधी’चा आकडा कच्चा छापला आणि ‘नंतर’चा दुरुस्त केलेला, तर गाडीला हात न लावता दहा टक्के वाढ दिसते. कुणी मुद्दाम करतो असं मी म्हणत नाही, यंत्रावर एक खूण बदलली तरी हे होतं. दोन्ही कागदांवर दुरुस्तीचा गुणक छापलेला मागा. दोन्ही वेळेला गियर तोच होता का आणि इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान किती होतं तेही बघा. बॉनेट बंद ठेवून गरम इंजिनावर पहिली फेरी, मग मोठा पंखा लावून दुसरी, एवढ्यानेही दोन-तीन टक्के हलतात.

खानापूर_रोड_गॅरेज

काकांनी हिशेब घातला, मी हातातलं सांगालोय. माझ्याकडे गाडी ओढत नाही म्हणून जे गिऱ्हाईक येतंय त्यातल्या निम्म्यांचं मूळ इंजिनात नसतंयच. गेटवाले दादा, तुमची गाडी २०१८ ची. थ्रॉटल बॉडी, हवेची झडप असत्याय ती, कधी साफ केली? प्लग कधी बदलले? आपल्याकडं उन्हाळ्यात जांबोटी रोडची लाल माती एअर फिल्टरात अशी बसत्याय की झटकली तर बादलीभर निघेल. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो आणि गाडी जागेवर, लोक म्हणतात पॉवर गेली. मागचं ब्रेक ड्रम धरत असतंय, चाक हातानं फिरवलं तर जड लागतंय. टायरची हवा कमी. हे सगळं बघायला अर्धा दिवस पुरतो.

मी करतो ती एक गोष्ट सांगतो. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघायचा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त देतोय तो आकडा. तो शून्याच्या आसपास, पाच टक्क्यांच्या आत असला तर मिश्रण ठीक. अधिक दहा-बारा दाखवत असला तर कुठंतरी हवा शिरतीय नाहीतर इंजेक्टर, पंप कमी पडतोय. तसल्या गाडीवर रिमॅप चढवला म्हणजे आजार झाकून ठेवला. चांगला ट्यूनर आधी हे बघतो. बघितलं नाही तर गाडी त्याच्या हाती देऊ नका.

चिक्कोडी_२३

कायद्याची बाजूही लिहितो, कारण ती कुणी बघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नाक्यावर कुणी लॅपटॉप लावून बघत नाही हे खरं, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने ईसीयू तपासायचं ठरवलं तर भांडण आपल्या अंगावर. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी गेलीच समजा. ट्यूनिंगसाठी कुणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणारा भाग) काढायचा सल्ला दिला तर तिथूनच परत या. पीयूसीपुरता हा मुद्दा नाही, घरासमोर आपलीच पोरं खेळत असतात.

ऊसपट्टा_संकेश्वर

थोडं अवांतर. आमचा ऊस कारखान्याला जातो आणि त्यातलं इथेनॉल पेट्रोलमध्ये. आता पंपावर ई२० च (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. मग ई२० साठी ट्यून केला तर बिनटर्बो गाडीला फायदा नाही का? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो असं ऐकलंय.

उद्यमबाग_लेथ

अवांतर नाही, नेमका प्रश्न आहे. बिनटर्बो गाडीला ट्यूनिंगचा जो काही खरा वाव उरलाय तो इथेच आहे.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचं १४.७ असेल तर ई२० चं सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ई१० च्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा तीन-चार टक्के कमी, म्हणून ॲव्हरेज उतरतं. मिश्रणाची ही दुरुस्ती ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने गाडी स्वतःच करते, त्यासाठी ट्यूनर लागत नाही. मघाशी गॅरेजवाल्यांनी फ्युएल ट्रिम सांगितला ना, ई२० भरल्यावर तो थोडा अधिककडे सरकणं साहजिक आहे. पाच-सहा दाखवला तर घाबरू नका.

ऑक्टेनचा फायदा मात्र आहे. ई२० चा प्रमाणित किमान ऑक्टेन ९५. स्विफ्टसारख्या ११:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात, उन्हाळ्यात, कमी आरपीएमला जोर दिला की नॉकिंगमुळे कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो. तिथे चांगलं इंधन असेल तर ती पुढे नेता येते, आणि घाटात तिसऱ्या गियरला जो जोर हवा तो याच टप्प्यातला. म्हणून प्रामाणिक ट्यूनरला विचारायचा प्रश्न ‘किती पीएस’ हा नसावा. ‘२००० ते ३५०० आरपीएममध्ये किती एनएम वाढेल आणि कोणत्या पेट्रोलवर’ हा असावा. दुसरी बाजूही बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबर-सील ई२० साठी ठरवून घातलेले असतीलच असं नाही. ट्यून करा न करा, इंधनाच्या नळ्या तपासत राहा.

सांबरा_रोड

आणखी एक वाव राहिला. कॅमशाफ्ट बदलला, हेडर (इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप) बदलला, थ्रॉटल बॉडी मोठी लावली, तर ट्यून शिवाय गत्यंतरच नाही. तेव्हा इंजिनात जाणारी हवाच बदललेली असते आणि जुना नकाशा चुकीचा ठरतो. रॅलीवाले बिनटर्बो गाड्यांतून जी ताकद काढतात ती अशी, लोखंड बदलून. नुसत्या फाइलने नाही.

तिसरं_गेट

सगळ्यांचे आभार. रिमॅप सध्या बाजूला ठेवतोय. ट्यूनरला काकांचा प्रश्न विचारला, २००० ते ३५०० मध्ये किती एनएम. तो म्हणाला, ‘ते गाडी आल्यावर बघू.’ एवढं मला पुरे.

गॅरेजवाले दादा, शनिवारी गाडी घेऊन येतो. थ्रॉटल बॉडी, प्लग, क्लच आणि मागचे ड्रम. फ्युएल ट्रिमचा आकडा इथे टाकतो. प्लग इरिडियमचे घेऊन येऊ का?

खानापूर_रोड_गॅरेज

मॅन्युअलमध्ये जो नंबर छापलाय तोच आणा, महागडा नको. इरिडियम टिकतंय जास्त, ओढत नाही जास्त. आणि सकाळी लवकर या, इंजिन थंड असताना प्लग काढायचे असतात, गरम हेडमधले आटे जातात. चोर्ल्याचं म्हणाल तर तिसऱ्याचा हट्ट सोडा. तुमच्या इंजिनाचा टॉर्क चार हजाराच्या पुढं हाय. दुसऱ्यात साडेतीन-चार हजारावर चढवा, इंजिनाला कायबी होत नाही, उलट तिसऱ्यात दीड हजारावर रेटून चढवलं तर त्रास होतो.